पुढच्या डब्यात चला

माझे बाबा पहिल्यांदा आमच्याकडे जपानला आले तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. आई गेल्यावर ते पुण्यात एकटेच राहत होते, आणि 'तिकडे जमीन हलते, मी नाही येणार' असं म्हणत त्यांनी बराच काळ काढला होता. २०११च्या भूकंपाची दृश्यं त्यांनी टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिली होती. आम्ही राहतो ते कोबे आणि ओसाकाच्या मधे, तो भाग तिथून किती लांब आहे हे मी फोनवर शंभरदा सांगितलं, पण पटत नव्हतं. शेवटी ते आले ते नातीसाठी. आणि थोडेसे आगगाड्यांसाठी.

बाबांचा सगळा जन्म रेल्वेत गेला. इंजिनांच्या कारखान्यात ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. तरुणपणी, लग्नाच्या आधी, सरकारनं त्यांना डिझेल इंजिनांचं काम शिकायला अमेरिकेला पाठवलं होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही भावंडं त्या अमेरिकेच्या गोष्टींवरच वाढलो. काचेच्या छपराचा डबा, त्यात बसून पाहिलेले रॉकी पर्वत. जेवणाच्या डब्यातले कडक इस्त्रीचे टेबलक्लॉथ आणि चांदीची किटली. शाकाहारी माणूस म्हणून आचाऱ्यानं त्यांना सलग तीन दिवस उकडलेले मटार, कुस्करलेला बटाटा आणि आइस्क्रीम खायला घातलं, ही गोष्ट तर आम्हाला तोंडपाठ होती. त्या गोष्टींमध्ये कधी काही वाईट घडलं नाही. बाबांची अमेरिका म्हणजे एक लांबलचक, स्वच्छ, वेळेवर धावणारी गाडी होती.

ते आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसमधून रजा काढली. क्योतोला वाफेच्या जुन्या इंजिनांचं संग्रहालय आहे, तिथे त्यांना न्यायचं होतं. नवरा कामासाठी होक्काइदोला गेला होता. मुलगी, तेव्हा आठवीत, नेहमीप्रमाणे आमच्या आधी शाळेला निघून गेली. तिची शाळा डोंगराच्या बाजूला, वेगळ्या लाईनवर. बाबांनी सकाळी इन्सुलिन घेतलं, पण गाडी चुकेल या धास्तीनं उपमा अर्धाच खाल्ला. "डब्यात दशम्या आहेत ना? गाडीतून उतरल्यावर खाईन," म्हणाले.

मी मुद्दामच लोकल निवडली होती, गर्दी कमी म्हणून. लांब बाकांची गाडी, समोरासमोर बसायचं. आम्ही दोघं कडेला बसलो. प्रत्येक स्टेशनावर माणसं चढत होती, उभी राहत होती, आणि बाबांच्या शेजारची जागा रिकामीच होती. इथे राहणाऱ्या आम्हा परदेशी माणसांना आपल्या शेजारची ती रिकामी जागा माहीत असते, गर्दीतही तिथे कुणी बसत नाही. सुरुवातीला टोचते, मग आपण तिकडे बघायचं सोडतो. बाबांनी मात्र दोन स्टेशनं निरखून पाहिलं.

"ही जागा कुणासाठी राखून ठेवलीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. बसेल कुणीतरी."

त्यांनी मान हलवली आणि आपली पिशवी मांडीवर घेऊन आणखी आक्रसून बसले. कुणी आलं नाही.

ओसाका मागे पडलं आणि थोड्या वेळानं डब्यातले सगळे फोन एकदम ओरडायला लागले. भूकंपाच्या इशाऱ्याचा तो आवाज होता. पुढच्या क्षणी ब्रेक लागले. उभी माणसं एकमेकांवर कलली. गाडी थांबता थांबताच खालून धक्का आला, मग आडवा, मग डबा असा हलू लागला की जणू कुणी रुळांसकट उचलून हातात धरला होता. वरच्या कड्या एका तालात आपटत होत्या. मी बाबांना दोन्ही हातांनी कवटाळलं. कुणी किंचाळलं नाही. एका बाईनं फक्त "लांबतोय, लांबतोय" असं म्हटलं.

मग थांबलं. दिवे गेले, एसीचा आवाज बंद झाला. आम्ही एका उंच भरावावर उभे होतो. खिडकीतून खाली भातशेतीचे तुकडे आणि घरांची छपरं दिसत होती, आणि पुढे, अगदी जवळ, नदीवरच्या पुलाचे लोखंडी खांब.

घोषणा झाली. भूकंपामुळे गाडी थांबवली आहे, रूळ तपासेपर्यंत पुढे जाता येणार नाही. मी मुलीला मेसेज केला. 'कुठे आहेस?' वाचल्याची खूण येईना. शाळेचा फोन लागेना. ती त्या वेळी कदाचित शाळेत पोचली असेल, कदाचित बोगद्यातल्या गाडीत असेल. तिच्या लाईनवर एक लांब बोगदा आहे. तो मला एरवी कधी आठवला नव्हता.

बाबा शांत होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पूल तपासल्याशिवाय गाडी हलवता कामा नये. ड्रायव्हरनं चांगला ब्रेक मारला." माझ्या हातावर त्यांनी थोपटलं. "पोरगी हुशार आहे. घाबरू नकोस."

जून महिना होता. वरच्या झडपा उघडल्या तरी डबा तापत गेला. मधेच पुन्हा एक छोटा हादरा आला, कड्या खुळखुळल्या. मला एकदम इन्सुलिन आठवलं.

"बाबा, दशमी खाऊन घ्या."

"आत्ता नको."

"तुम्ही इन्सुलिन घेतलंय. अर्धा उपमा खाल्लाय फक्त."

"इथे गाडीत कुणी खात नाही. मी पाहिलंय." त्यांनी आवाज खाली केला. "सगळे आपल्याकडे बघतायत. ठेव तो डबा आत."

कुणी बघत नव्हतं, निदान मला तरी तसं वाटत नव्हतं. मी डबा उघडला तर त्यांनी झाकणावर हात ठेवला. मी चिडले, ते चिडले, आणि दोघंही दबक्या आवाजात भांडलो. मग मी नाद सोडला. तेवढ्यात शाळेच्या फोनची रिंग वाजल्यासारखी वाटली, मी कानाला लावून बसले, पुन्हा कट झाला. पुन्हा लावला. किती वेळ गेला कळलं नाही. बाबा गप्प होते, मला वाटलं रुसलेत.

वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बोटं थरथरत होती आणि ते शर्टाचं वरचं बटण लावायचा प्रयत्न करत होते. ते बटण लागलेलंच होतं.

"बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण नजरेत ओळख नव्हती.

नेमका तेव्हाच गार्ड आमच्या डब्यात आला. तरुण पोरगा, गणवेश, टोपी, पांढरे हातमोजे. घामानं डबडबलेला, तरी प्रत्येकापुढे वाकून माफी मागत होता. पूल तपासायला वेळ लागणार होता, म्हणून सगळ्यांना गाडीतून उतरवायचं ठरलं होतं. शिडी पहिल्या डब्याला लावली होती. "कृपया पुढच्या डब्यात चला," तो सांगत होता. माणसं उठली, पिशव्या घेऊन रांगेनं पुढे निघाली.

तो आमच्यापाशी आला. बाबांना परदेशी पाहून त्यानं हातानं पुढची दिशा दाखवली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "प्लीज. फ्रंट कार. प्लीज मूव्ह."

बाबांनी बाकाची लोखंडी दांडी धरली. इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली.

"आय हॅव अ टिकेट," ते इंग्रजीत म्हणाले. "आय हॅव अ टिकेट फॉर धिस सीट."

गार्डला वाटलं ते तिकिटाबद्दल काही विचारतायत. तो पुन्हा वाकला, पुन्हा पुढे हात केला. "येस, येस. फ्रंट कार, प्लीज."

"नो." बाबांचा आवाज चढला. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. त्यात राग होता आणि त्याहून जास्त भीती होती. "आय विल नॉट गो. ही इज सिटिंग. आस्क हिम टू गो. आय हॅव द सेम टिकेट."

त्यांनी बोट दाखवलं ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे. तिथे कुणी नव्हतं.

मी त्यांचा हात सोडवायला गेले तर त्यांनी मला झटकलं. मी दशमीचा तुकडा ओठांशी नेला, त्यांनी तोंड घट्ट मिटून मान फिरवली. डबा रिकामा होत चालला होता. साखर आणखी उतरली तर काय होतं ते मला माहीत होतं, आईच्या शेवटच्या वर्षांत मी ते पाहिलं होतं. मी गार्डला जपानीत सांगितलं, यांना मधुमेह आहे, शुद्ध हरपतेय, गोड काहीतरी हवंय, लगेच. तो गोंधळून कमरेच्या वायरलेसवर बोलू लागला.

समोरच्या बाकावरची एक म्हातारी उठून जायला निघाली होती. पाठीत वाकलेली, डोक्यावर उन्हाची टोपी. ती माझं बोलणं ऐकून थांबली. तिनं हातातली पिशवी बाकावर ठेवली, आतून एक छोटी चांदीच्या कागदातली वडी काढली. योकान. लाल चवळीसारख्या दाण्यांची, साखरेत आटवलेली मऊ वडी. "पंचाण्णवच्या कोबेच्या भूकंपापासून पिशवीत ठेवतेच," ती म्हणाली, "गोड आहे, टिकतं."

तिनं कागद सोलला आणि गार्डला हातानं जरा बाजूला सारलं. मग सरळ त्या रिकाम्या जागेवर, बाबांच्या शेजारी बसली. वडीचा एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा बाबांपुढे धरला. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या हातातून त्यांनी घेतलं नसतं. परक्या बाईनं देऊ केलेलं नाकारायची मात्र त्यांच्या हाडात सवय नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.

ते चघळत होते तेव्हा मी त्यांच्या घशाकडे बघत होते. गिळलं. तिनं दुसरा तुकडा दिला. मग तिसरा. गार्ड कुणाकडून तरी गोड चहाची बाटली घेऊन आला आणि गुडघ्यांवर बसला. त्यानं टोपी काढून खाली ठेवली होती, बहुधा उकाड्यामुळे. बाबांनी त्याच्या हातून दोन घोट घेतले. हळूहळू दांडीवरची बोटं सैल झाली.

"काय झालं?" त्यांनी मला मराठीत विचारलं, आणि मला रडू आलं.

"काही नाही. तुमची साखर उतरली होती. आता इथून उतरायचंय."

"मग चला की," ते म्हणाले.

शिडी अगदी उभी होती. गार्ड आणि आणखी एक प्रवासी, दोघांनी खालून धरून त्यांना उतरवलं. बाबांचा पाय एका पायरीवरून सुटला, क्षणभर ते हवेत लोंबकळले, आणि खालच्या दोघांनी त्यांना अक्षरशः झेललं. माझ्या पायाखालून खडी सरकत होती. सगळे एकामागून एक, रुळांच्या कडेनं, मागच्या फाटकाकडे चालत निघाले. म्हातारी आमच्या पुढे होती. फाटकापाशी तिचा मुलगा गाडी घेऊन आला होता. मी धावत जाऊन तिचे आभार मानले, ती फक्त "वडिलांना जेवायला घाला" म्हणाली आणि गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

फाटकाजवळ एक कन्विनी होतं, इथली चोवीस तास उघडी असणारी दुकानं असतात तसलं. आत वीज होती. मी बाबांना बाहेरच्या बाकावर सावलीत बसवलं आणि दशम्या समोर ठेवल्या. त्यांनी निमूट दोन खाल्ल्या. तेवढ्यात फोन थरथरला. मुलीचा मेसेज होता, जपानीत. शाळेत आहे, सगळे मैदानात बसलोय, फोन काढायची परवानगी नव्हती, आजोबा ठीक आहेत ना? मी तो तीनदा वाचला आणि बाबांना मराठीत सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रस्त्यावर टॅक्सीसाठी रांग लागली होती, आम्हाला घाई नव्हती. मग मी विचारलं, "बाबा, गाडीत तुम्ही कुणाला म्हणत होतात, त्याला जायला सांगा म्हणून?"

"मी बोललो तसं?"

"हो. इंग्रजीत."

त्यांनी पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरली. "वॉशिंग्टननंतर," ते म्हणाले. मला वाटलं आता विषय बदलतील.

"आम्ही दोघं होतो. दक्षिणेत एक वर्कशॉप पाहायला निघालो होतो. वॉशिंग्टनपर्यंत कुणी काही बोललं नाही. तिथे गाडीची माणसं बदलली. नवा कंडक्टर आला, वयस्कर, चांगला बोलणारा. त्यानं माझं तिकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, तुम्ही पुढच्या डब्यात चला. मला वाटलं काही चुकलंय. मी तिकीट पुन्हा दाखवलं. तो म्हणाला, तिकीट ठीक आहे, डबा ठीक नाही."

"काळ्यांचा डबा?"

"हो. दक्षिणेत तेव्हा तो वेगळाच असायचा, इंजिनाच्या लगेच मागे. अर्ध्यात सामान, अर्ध्यात माणसं." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "मी आपला सावळा. तो दुसरा पगडीवाला. पगडी पाहून कंडक्टर त्याला 'सर' म्हणाला. राजाबिजा वाटला असेल. त्याला बसू दिलं."

मला उमगायला थोडा वेळ लागला. "सरदारकाका?"

बाबांनी मान डोलावली.

सरदारकाका आमच्या घरातले होते. बाबांचे रेल्वेतले मित्र, दिल्लीचे. माझ्या बारशाला ते आले होते म्हणतात, आणि माझ्या लग्नाला तर आले होतेच. उन्हाळ्यात ते यायचे तेव्हा आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढून स्वतः पराठे लाटायचे. अमेरिकेच्या गोष्टी ते दोघं मिळून सांगायचे, एकाचं वाक्य दुसरा पुरं करायचा.

"आणि काका?"

"खिडकीबाहेर बघत बसला." बाबांच्या आवाजात काही चढउतार नव्हता. "मी सामान काढलं. माझी बॅग वरच्या फळीवर होती, ती त्यानं काढून दिली. उंच होता ना."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तो उठला असता तरी मला तिथे बसू दिलं नसतं. दोघं पुढे गेलो असतो, इतकंच. पण त्यानं उठायला हवं होतं."

पुढच्या डब्यातही त्यांच्याकडे संशयानंच पाहिलं गेलं. हा कोण, सूट घातलेला, काळा नाही, गोरा नाही. शेवटी एका माणसानं विचारलं, तुला त्यांनी पाठवलं इकडे? बाबा हो म्हणाले. मग बस, तो म्हणाला, आणि सरकून जागा केली. रात्रभर इंजिनाची काजळी खिडकीतून आत येत होती. सकाळी दोघं मित्र फलाटावर भेटले, आणि सरदारकाकांनी बाबांच्या कॉलरवरची काजळी आपल्या रुमालानं झटकली. त्यावर कधी बोलणं झालं नाही. पुढचे सहा-सात महिने ते एका खोलीत राहिले.

"आईला माहीत होतं?"

"नाही."

घरी पोचायला संध्याकाळ झाली. मुलगी आधीच आली होती, मैत्रिणीच्या आईनं तिला आणून सोडलं होतं. ती दारातच आजोबांना बिलगली. बाबांना ती काय म्हणतेय ते कळत नव्हतं, ती घाईघाईत जपानीतच बोलत होती. ते नुसतं "हो, हो" म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

दोन दिवसांनी बाबांनी मला दिल्लीला फोन लावून द्यायला सांगितलं. सरदारकाका तेव्हा हयात होते, गुडघ्यांमुळे घरातच असायचे, ऐकू कमी यायचं म्हणून ओरडून बोलायचे, आणि बाबा फोन स्पीकरवर ठेवायचे. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. बाबांनी त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. ब्रेक कसा लागला, शिडी कशी होती, पाय कसा सुटला. काका मोठ्यानं हसत होते. "बुढ़ापे में ट्रेन से लटकता है," ते म्हणाले.

"हां," बाबा म्हणाले. "गार्ड आया था. बोला, आगे के डिब्बे में चलिए."

पलीकडून आवाज येईना. मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाबा फोनकडे बघत होते. काकांच्या घरातला टीव्ही चालू होता, तो ऐकू येत होता.

"सुन रहा है?" शेवटी बाबांनी विचारलं.

"सुन रहा हूँ," काका म्हणाले. "तू गया?"

"नहीं गया," बाबा म्हणाले. "पहले मना किया. फिर गया."

"अच्छा किया," काका म्हणाले, आणि ते नकाराला म्हणाले की जाण्याला, ते मला समजलं नाही. पुढे ते दोघं बराच वेळ गुडघ्यांबद्दल बोलले.